घरोघरच्या गोष्टी : पहिला पसंतिक्रम

मुलाचें किंवा मुलीचें नांव कॉलेजांत लागलें कीं आधीं देवापुढें पेढा ठेवावा आणि मग आळींत वांटावे, ही आपल्या घरांतील जुनी चाल. परंतु हातांत पेढ्यांचा पुडा आणि कपाळास आठ्या, असा विलक्षण देखावा २०२५ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस आमच्या ओझरांत दोन-तीन घरीं तरी दृष्टीस पडला. गुण कमी पडले म्हणून आठ्या पडल्या असत्या तर त्यांत नवल नव्हतें. नवल हें कीं, ज्या कॉलेजाचें नांव घरानें अर्जांत सर्वांत वर लिहिलें होतें, तेंच मिळालें होतें. मागितलें तें मिळालें, आणि घर मात्र सुतक आल्यासारखें बसलें ! हा काय प्रकार आहे, याचा थोडा विचार करावा म्हणून या महिन्याचें पान त्यास दिलें आहे.

आधीं थोडी हकीकत सांगितली पाहिजे. कारण ज्यांच्या घरीं त्या वयाचें मूल नाहीं, त्यांस ही भानगड ठाऊक असण्याचें कारण नाहीं. १९७५ सालीं शालान्त परीक्षा अकरावीवरून दहावीवर आली, आणि पंधरा-सोळा वर्षांचीं मुलें 'कॉलेजांत' जाऊं लागलीं. मुंबईच्या टापूंत अकरावीचे प्रवेश २००९ सालापासून संगणकाच्या द्वारां, एकाच केंद्रावरून होऊं लागले. मागाहून पुणें, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती येथेंही तीच पद्धति आली. आमच्या जुन्नर तालुक्यास मात्र तिची झळ नव्हती. निकाल लागला कीं गुणपत्रिका पिशवींत घालावी, मुलास बरोबर घ्यावें, आणि नारायणगांवास ग्रामोन्नती मंडळाकडे नाहीं तर जुन्नरास श्री शिवछत्रपती महाविद्यालयांत जाऊन उभें राहावें. कारकून ओळखीचा, शिक्षकांपैकीं एखाद्यानें तर बापासही शिकविलेलें. शुल्क भरलें, पावती घेतली, आणि दुपारच्या जेवणास दोघेही घरीं. कोणतें कॉलेज, हा प्रश्न घरांत फारसा उपस्थितच होत नसे, मग त्यावरून रुसवे-फुगवे कोठून व्हावे ?

२०२५ सालीं शासनानें ही केंद्रीय पद्धति साऱ्या महाराष्ट्रास लागू केली. दहावीचा निकाल त्या वर्षीं लवकर, म्हणजे १३ मे रोजींच लागला होता. परंतु अर्ज भरण्याचें संकेतस्थळ २१ मे रोजीं पहिल्याच दिवशीं बंद पडलें, तें २६ मे पासून पुन्हा चालूं झालें, आणि तारखा पुढें पुढें सरकत पहिली गुणवत्ता यादी २८ जून रोजीं, शनिवारीं, लागली. निकाल लवकर लावून जें साधलें तें वाट पाहण्यांत गेलें. असो. तो सरकारी कारभार आहे, आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आंकड्यांकडे पाहिलें तर आईबापांनीं घाबरावें असें त्यांत कांहींच नव्हतें. नियमित विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ९४.१० उत्तीर्ण झाले, म्हणजे साडेचौदा लाखांहून अधिक. त्यांत शंभर टक्के गुण मिळविणारे २११ ! (शंभरांत शंभर म्हणजे काय, हें आमच्या पिढीच्या मास्तरांस अजून नीटसें उमगलेलें नाहीं, निबंधास पुरे गुण देतांना आमचा तर हात थरथरत असे.) उलट अकरावीच्या जागा राज्यांत वीस लाखांहून अधिक होत्या. मुलांपेक्षां जागाच लाखांनीं अधिक. तुटवडा होता तो जागांचा नव्हे, नांवांचा. पहिल्या यादींत सुमारें ६ लाख ३२ हजार मुलांस कॉलेज मिळालें, आणि त्यांपैकीं सुमारें ४ लाख ५७ हजारांस पहिल्याच पसंतीचें. म्हणजे शंभरांतील सुमारें बहात्तर मुलांस जें हवें म्हणून लिहिलें तेंच पदरीं पडलें. इतकी इच्छापूर्ति तर विघ्नहराच्या दारींही एका दिवसांत होत नसेल.

पण येथेंच मेख आहे. अर्जांत एकापासून दहापर्यंत कॉलेजांचीं नांवें आपल्या आवडीच्या क्रमानें लिहावयाचीं असतात. दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंतचें एखादें मिळालें, तर तें घ्यावें किंवा पुढील फेरीची वाट पाहावी. दोन्ही वाटा मोकळ्या. पहिल्या क्रमांकाचें मिळालें तर मात्र तें घेतलेंच पाहिजे. न घेतल्यास नियमित फेऱ्यांतून मूल बाद. मग सर्वांत शेवटीं जी सर्वांस खुली फेरी होते, तिच्यापर्यंत हात चोळीत बसावयाचें. हा नियम कांहीं गुप्त नव्हता. परंतु तो आमच्याकडील किती वडिलांनीं यादी लागण्यापूर्वीं वाचला होता, हें विचारूं नये.

आपल्याकडे कोणत्याही कार्याच्या आरंभीं संकल्प सोडावयाचा असतो. देश, काल, गोत्र, नांव आणि कार्याचा हेतु यांचा स्पष्ट उच्चार करून हातावरून पळीभर पाणी ताम्हनांत सोडलें, कीं तें कर्म यजमानाच्या गळ्यांत पडलें. मग धुरानें डोळे चुरचुरोत कीं पायांस मुंग्या येवोत, पाटावरून उठावयाची सोय नाहीं. अलीकडे पुष्कळ घरीं संकल्प भटजीच म्हणतात; यजमान नुसता हात पुढें करून शेजारच्याशीं गोष्टी करीत असतो. अर्जाचें अगदीं असेंच झालें. सायबर कॅफेचा चालक हा पुरोहित. यादी मुलानें मित्राच्या यादीवरून उतरविलेली. आणि बापाच्या मोबाईलवर आलेला ओ.टी.पी. त्यानें वाचून दाखविला, एवढाच काय तो यजमानाचा सहभाग. पाणी मात्र सुटलें.

पहिल्या जागीं कोणाचें नांव घालावयाचें, याचा विचारही घराघरांतून गमतीचाच झाला. लग्नाच्या पंक्तींत पहिलें पान जसें व्याह्यांचें, मग त्यांना भूक असो वा नसो, तसा पहिला क्रमांक हा मानाचा समजला गेला. एका परिचित गृहस्थांची गोष्ट सांगतों. मुलगा हुशार, पण फार नव्हे. पुण्यास चुलते असतात, त्यांनीं फोनवरून बजावलें, "दादा, पहिलें नांव आमच्या इकडच्या मोठ्या कॉलेजाचें घाला. लोक काय म्हणतील ?" वडिलांनीं मनाशीं म्हटलें, लागायचें तर नाहींच, घालावयास काय जातें ? घातलें. आणि २८ जूनला तेंच लागलें. मग हिशेब सुरू झाला. वसतिगृह, खानावळ, शिकवणी, येण्याजाण्याचा खर्च. चुलत्यांचें घर दोन खोल्यांचें, त्यांत त्यांची मुलगी बारावीस. राहावयास या, असें त्यांच्या तोंडून कांहीं निघेना. प्रवेश घेण्यास ३० जूनपासून ७ जुलैपर्यंत मुदत. त्या आठ दिवसांत त्या घरीं आधीं शासनाचा उद्धार झाला, मग चुलत्यांचा, आणि अखेरीस सर्व राग उतरला तो मुलावर. "अर्ज तूं भरलास, तुला कळत नव्हतें ?" असें त्यास विचारण्यांत आलें. मुदत टळली. सोबतीचीं मुलें कॉलेजास जाऊं लागलीं तरी हा घरींच. आणि शेवटच्या खुल्या फेरींत त्यास जें कॉलेज मिळालें, तें पहिल्या दिवशीं दुसऱ्या क्रमांकावर होतें तेंच. मुलगा आतां तेथें शिकत आहे, बरा आहे. घरांत मात्र तो बापासमोर बसून जेवीत नाहीं, ताट घेऊन माजघरांत जातो, असें त्याच्या आईनें सांगितलें.

अशी बांधील पसंति ही कांहीं केवळ आपल्याच राज्यानें काढलेली युक्ति नव्हे. पुणें जिल्ह्यांतील किती तरी कुटुंबें आतां अमेरिकेंत संसार थाटून आहेत, आणि त्यांचीं तेथेंच जन्मलेलीं मुलें कॉलेजच्या वयास आलीं आहेत. त्यांच्या घरींही असाच एक प्रसंग येतो, पण तो डिसेंबरांत. तेथील पुष्कळ नामांकित विद्यापीठें 'अर्ली डिसिजन' नांवाचा एक मार्ग ठेवितात. साधारणतः नोव्हेंबरच्या आरंभीं मुलानें अशा एकाच विद्यापीठाकडे अर्ज करावयाचा. डिसेंबरच्या मध्यास उत्तर येतें. आणि होकार आला तर तेथेंच जावयाचें, इतर ठिकाणचे अर्ज परत घ्यावयाचे, असें वचन आधींच दिलेलें असतें. नेहमींच्या मार्गानें गेलेल्या मुलांस मार्चअखेरपर्यंत वाट पाहावी लागते व मे महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आंत त्यांनीं आपला निर्णय कळवावयाचा. लवकर सुटका होते म्हणून हा मार्ग आईबापांस गोड वाटतो. पण ज्यांस शुल्काची मदत कोठें अधिक मिळते हें ताडून पाहावयाचें असतें, त्यांस तो परवडत नाहीं. एकच दुकान पाहून सौदा करण्यासारखें तें होतें. अशा लवकरच्या प्रवेशांत सधनांस झुकतें माप मिळतें, या कारणानें हार्वर्ड आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांनीं २००६ सालीं आपले हे मार्ग बंद करण्याचें जाहीर केलें होतें. २०११ सालीं दोघांनींही ते पुन्हा उघडले, मात्र वचनांत न बांधणाऱ्या स्वरूपांत.

त्या अमेरिकन पद्धतींतील एक गोष्ट मला घेण्यासारखी वाटते. त्या वचनपत्रावर सही एकट्या मुलाची नसते. मुलाची, आईबापांपैकीं एकाची, आणि शाळेंतील मार्गदर्शकाची, अशा तिघांची असते. डिसेंबरांत होकार आल्यावर 'हें नांव कोणीं घातलें ?' असें विचारण्यास बापास तोंडच राहत नाहीं. आमच्या अर्जाचा पसंतिक्रम मराठींत कागदावर छापून घ्यावा, पहिल्या नांवाखालीं 'हें मिळाल्यास जावेंच लागेल' असें ठळक अक्षरांत असावें, आणि त्यावर बापाची किंवा आईची सही घेतल्याशिवाय तो कुलूपबंद होऊं नये, इतकी सुधारणा शासनानें केली तर पुष्कळ घरांतील अबोला टळेल. नियम मोडीत काढा, असें मी म्हणणार नाहीं. पहिलें मागून नाकारणारीं मुलें पुष्कळ झालीं, कीं त्या जागा अडून राहतात, फेऱ्या लांबतात, आणि खालच्या क्रमांकावर थांबलेल्या मुलाचे दिवस फुकट जातात. मागणाऱ्यानें विचार करून मागावें, ही अपेक्षा अन्यायाची नाहीं.

मात्र ह्या सर्वांत एक गोष्ट अगदीं नवी आहे, आणि तिच्याकडे आईबापांचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. पूर्वीं बातमी घरीं पोंचावयास वेळ लागे. महर्षि कर्व्यांची लहानपणची हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. १८७५ च्या सुमारास सहावीच्या परीक्षेकरितां ते कोंकणांतील मुरूडाहून साताऱ्यास, शंभर मैलांहून अधिक वाट, घाट चढून पावसांतून चालत गेले. वय सतराचें, पण दिसण्यांत अगदीं लहान. तेथील अधिकाऱ्यांनीं जवळचा दाखला न मानतां, हा मुलगा वयानें लहान आहे असें ठरवून त्यांस परीक्षेस बसूंच दिलें नाहीं. तीच परीक्षा पुढल्या वर्षीं कोल्हापुरास जाऊन ते उत्तीर्ण झाले. ज्यानें पुढें १९१६ सालीं स्त्रियांकरितां विद्यापीठ काढलें, त्याच्या स्वतःच्या शिक्षणाच्या वाटेवर असा नकार उभा होता. पण मला येथें निराळें सांगावयाचें आहे. तो नकार त्या मुलानें एकट्यानें ऐकला. साताऱ्याहून मुरूडापर्यंतची सारी वाट त्याच्या हातांत होती. त्या वाटेंत रडावें, चिडावें, मनाची समजूत घालावी, आणि घराच्या उंबऱ्याशीं येईपर्यंत तोंड धुऊन तयार व्हावें.

आमच्या वेळींही शाळेंतून गुणपत्रिका घेऊन घरीं येईपर्यंत अर्धा कोस तरी चालावें लागे. आतां तो अर्धा कोसही उरला नाहीं. यादी लागते त्या क्षणीं बाप आणि मुलगा, आई आणि मुलगी, एकाच मोबाईलवर डोकीं टेकवून बसलेलीं असतात. वास्तविक मूल पडद्याकडे पाहतच नाहीं, असें मला दोन-चार ठिकाणीं प्रत्यक्ष बसून दिसलें. तें बापाच्या चेहऱ्याकडे पाहतें. यादींत काय आहे तें त्यास चेहऱ्यावरून आधीं कळतें, अक्षरांवरून मागाहून. 'बरें झालें हो' असें तोंडानें म्हणून ज्या भुंवया वर जातात, त्या मुलाच्या ध्यानांत राहतात. पेढा राहत नाहीं. आणि चेहरा हा ऐन वेळीं आवरतां येत नाहीं. तो आवरावयाचा तर अर्ज भरतांना, म्हणजे जो विचार यादी लागल्यावर करावयाचा तो महिनाभर आधीं करून ठेविला पाहिजे : हें नांव वर लिहितों आहोंत, हें खरोखर मिळालें तर येत्या आठवड्यांत मूल कोठें झोपेल, कोठें जेवेल, आणि पैसे कोण देईल ?

मुलींच्या बाबतींत चेहऱ्यांचा हा हिशेब आणखीच अवघड आहे. मुलाला पुण्याचें कॉलेज लागलें तर आधीं आनंद होतो, खर्चाची आठवण मागाहून. मुलीला लागलें तर आधीं शांतता पसरते. पुणें आमच्यापासून पाऊणशें किलोमीटरांहून अधिक; रोजचें येणेंजाणें अशक्य. जवळ नारायणगांव किंवा जुन्नर म्हटलें तरी चिंता आहेच. येडगांव धरणाच्या पाण्यानें आमच्या भागांत ऊंस पिकला, आणि त्या उंसाच्या फडांत बिबटे येऊन राहिले, व्याले, वाढले. सायंकाळच्या एस्. टी. नें फाट्यावर उतरून मळ्यापर्यंत मुलीनें अंधारांत चालत यावें, हें कोणत्या आईस रुचेल ? ही भीति खोटी नाहीं, आणि तिची थट्टा करणाऱ्यानें एक रात्र आमच्याकडील मळ्यांत काढून पाहावी. परंतु बिबट्या मुलगा-मुलगी असा भेद करीत नाहीं. भेद आपण करतों. भावाला आणावयास फाट्यावर कोणी तरी दुचाकी घेऊन जातो. बहिणीकरितां मात्र कॉलेजच बदललें जातें, नाहीं तर शास्त्र शाखेच्या ऐवजीं जी शाखा दुपारीं लवकर सुटते ती घेतली जाते. ज्या घरीं असें होतें त्या घरचे लोक वाईट नसतात. त्यांनीं फाट्यावर कोणीं जावयाचें तें ठरविलेलें नसतें, इतकेंच.

आमच्या शेजारींच एक अकरा माणसांचें एकत्र कुटुंब आहे. तेथील नातीस चौऱ्याण्णव टक्क्यांवर गुण मिळाले. तिच्या आईच्या मनांत तिनें पुण्यास जावें असें फार होतें. कारण आईला स्वतःला बारावीनंतर पुढें शिकावयाचें होतें, आणि तें राहून गेलें. पुण्याच्या काकांनींही पुण्याचाच आग्रह धरला. आजोबांनीं एका रविवारीं ओसरीवर सर्वांस बसविलें, आणि नातीच्या हातीं वही देऊन प्रत्येक कॉलेजापुढें शुल्क, राहण्याची सोय, गाडीची वेळ आणि प्रयोगशाळा असे रकाने काढावयास सांगितले. जो तो आपलें बोलला. धाकट्या काकांनीं फाट्यावर जावयाचें आपल्या अंगावर घेतलें. मुलीचें मन पदार्थविज्ञानांत आहे. खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीच्या तीस थाळ्या विज्ञानदिनाच्या सुमारास जाऊन पाहण्याचा तिचा दोन वर्षांचा नेम. तिनें सगळें लिहून काढलें, आणि नारायणगांवचें नांव पहिल्या ओळींत घातलें. दोन वर्षें घरचें अन्न, घरची झोंप, आणि अभ्यासास रोजचे चार तास अधिक; पुण्यास बारावीनंतर जाईन, असें ती म्हणाली. आई बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "तुझें तूं लिही. माझें राहिलेलें त्यांत घालूं नकोस." सही मात्र तिनें त्या वहीच्या पानाखालीं केली, शासनानें मागितली नव्हती, आजोबांनीं मागितली.

यादी लागली त्या दिवशीं त्या घरीं पेढे माझ्याही वांट्यास आले. मी गेलों तेव्हां पुण्याहून काकांचा फोन चालूं होता, आणि त्यांचा आवाज ओसरीभर ऐकूं येत होता. "अहो आई, एवढे गुण असतांना पुण्यास सहज लागलें असतें कीं !"

"लागलें असतें रे," आजी म्हणाल्या, "पण तिनें मागितलेंच नव्हतें." आणि फोन नातीच्या हातीं देऊन त्या दुधाखालचा गॅस बारीक करावयास आंत गेल्या.